भिंतीकडे वाढणारी रोपं

मंगळवारी हेमांगीच्या ट्रेमधल्या टोमॅटोच्या रोपांनी वर टांगलेल्या वाढीच्या दिव्याकडे पाठ फिरवली आणि ती भिंतीकडे वाढू लागली. भिंतीपलीकडच्या फ्लॅटमध्ये कालिंदी राहायची.

हेमांगीनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. दिवा चार बोटं खाली आणला, पंखा लावला, मातीऐवजी घातलेलं नारळाच्या भुशाचं कोकोपीट बोटानं चाचपलं. बी तिनं स्वतः धरलेलं, पाणी तिनं बेतानं घातलेलं, आणि ही कृतघ्न कार्टी ट्रे फिरवला की चहा उकळेपर्यंत पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी. दोऱ्यासारखी बारीक, वीतभर लांब.

"उजेड कमी पडत असेल," तिचा नवरा दिगंबर म्हणाला. तो भिंतीशी बोलत होता. त्याची मान दोन बोटं लांबली होती आणि शर्टाची कॉलर खाली राहिली होती.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच शेजारी गेली. कालिंदीनं पिठाच्या हातांनी दार उघडलं.

"माझी रोपं तुमच्याकडे वळतात," हेमांगी म्हणाली. "आता हेही वळायला लागलेत."

"मी कुणाला बोलवत नाही हो," कालिंदी कंटाळून म्हणाली. "आत या ना, पोळ्या करतेय."

बोलवत नाही म्हणे! मिरवली असती तर भांडता तरी आलं असतं. जाताना सात पावलं होती, त्याच वाटेनं परतताना बावीस लागली.

लांबुडक्या रोपांवर एकच उपाय असतो, पहिल्या पानांपर्यंत खोल पुरायची. तिनं सगळी पुरली. मग गॅलरीतला निळा ड्रम दिव्याखाली ओढला.

"आत उभे राहा," ती म्हणाली.

दिगंबर निमूट उभा राहिला. तिनं त्याला हनुवटीपर्यंत कोकोपीटमध्ये पुरलं, अंगठ्यांनी कडेनं दाबलं, वरून पाणी शिंपडलं. इतक्या मायेनं तिनं त्याला कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. तिला रडू आलं.

"बरं वाटतंय?"

"हो," तो भिंतीला म्हणाला.

हेमांगी हात पसरून त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उभी राहिली. "आता माझ्याकडे बघा."

त्यानं पाहिलं, पण तिच्या खांद्यामागे. तिची वेणी पाठीवरून उचलली गेली होती आणि ताठ होऊन भिंतीकडे निघाली होती. हेमांगीनं पसरलेले हात सोडले आणि वेणी घट्ट धरली. वेणी तिला मागे ओढतच होती.