नव्वदावा

"दादा, आ करा. या चारच आहेत."

वेल्डरने तोंड भिंतीकडे फिरवलं. "पोटात राहत नाही हो सिस्टर. खरं सांगा, माझ्यासाठी एवढे जिने चढता की तुमच्या नव्वदासाठी?"

सिस्टरनी पाण्याचा पेला पुढे केला. मग म्हणाल्या, "दोन्हीसाठी."

तो हसला आणि त्याने गोळ्या घेतल्या.

क्षयाचा हा दवाखाना गुंतवणूकदारांच्या पैशांवर चालायचा. शंभर रोग्यांपैकी नव्वद जणांनी सहा महिन्यांचे औषध पुरे केले, तर सरकार गुंतवणूकदारांना व्याजासकट परतफेड करणार होते. एकोणनव्वद झाले तर दमडी नाही, रोग्यांची पुढची तुकडी नाही, आणि दवाखानाही बंद. एकोणनव्वद जणांचे पुरे झाले होते, दहा जण मध्येच सुटले होते. उरला होता वेल्डर. त्याचे अकरा दिवस बाकी होते.

त्यातल्या नवव्या दिवशी पहाटे तो वारला.

दुपारी गुंतवणूकदारांचे तपासनीस साहेब सिस्टरना घेऊन त्याच्या खोलीवर, त्याच्या बायकोला भेटायला आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मेलेला माणूस नापास धरतात. पण गाव सोडून गेलेला यादीतून वगळतात, त्याच्या जागी दुसरा घेता येतो. वहिनींनी एक सही केली की झालं. तिकडे दवाखान्यात पुढच्या तुकडीसाठी सतरा जण नंबर लावून बसलेत, सिस्टर. त्यांचा विचार करा."

सिस्टरना वहिनींकडे बघवेना. कसंबसं त्यांनी सगळं समजावलं.

वहिनींनी कागद जवळ ओढला. डोळे कोरडे होते. मग म्हणाल्या, "लिहा ना, गेला म्हणून. गेलाच आहे की." आणि त्यांनी सही केली.

सिस्टरनी रकान्यात लिहिलं : गेला.

"कुठे गेला तेही लिहा," साहेब म्हणाले. "नवा पत्ता लागतो."

सिस्टरनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. दवाखान्यातले ते सतरा चेहरे डोळ्यांपुढून हलेनात. वहिनींनी हुंदका आवरायला पदर तोंडात धरला होता.

"मला नाही जमत, साहेब." सिस्टरनी 'गेला'वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : वारला.

"सतरा जणांचा घास घेतलात तुम्ही," साहेब म्हणाले.

सोमवारी दवाखान्याचं शटर उघडलं नाही. रोगी पायऱ्यांवर बसून होते. सिस्टर आल्या आणि त्यांच्यातच बसल्या. एका म्हाताऱ्याला उबळ आली. द्यायला हाताशी काहीच नव्हतं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि खोकला थांबेपर्यंत काढला नाही.