पपईची पानं मी तोलली

मी एक तराजू. आसेगावच्या जगदेवच्या भाजीच्या वाडीतली वांगी, मेथी तोलण्यात माझं आयुष्य गेलं. मंगळवारी बाजार, बाकीचे दिवस खुंटीवर.

जगदेवच्या पवनने सहावीत शाळा सोडली. तेव्हा त्याची मोठी बहीण उज्ज्वला म्हणाली, "मीच शिकवतो त्याले." तिने मला खुंटीवरून काढलं.

"एका किलोत पाव किलो किती खेपा?"

"पाच!"

"तू बाजारात बसला तं बाबाचं दिवाळं काढशीन!"

वजनं टाकून पवनने चार मोजले आणि दोघं खूप हसली. उज्ज्वलाने तो व्हिडिओ मोबाइलवरच्या एका ग्रुपात टाकला. मुलांना शाळेतून काढून घरी शिकवणारे आईबाप त्यात होते, पुण्याचे, नाशिकचे. व्हिडिओ पाहणारे शेकड्यांचे हजारो झाले. सगळे मला ओळखू लागले. मला गर्व झाला, खोटं का बोलू?

ग्रुपातल्या बाया आधी गणित सांगायच्या, मग जेवण सांगू लागल्या, मग औषधही.

ऑगस्टात उज्ज्वलाला ताप आला. जगदेव म्हणाला, "चाल, दवाखान्यात जाऊ." पवनने ग्रुपात विचारलं. उत्तर आलं, पपईच्या पानांचा रस द्या, पन्नास ग्रॅम पानं.

"थ्या शिकेल बाया हायेत, बाबा. त्याईले कळते," पवन म्हणाला आणि पानं तोडायला धावला. उज्ज्वलाही म्हणाली, "दोन दिवस पाहू."

पानं मी तोलली. बरोबर पन्नास ग्रॅम. तीन दिवस, रोज.

चौथ्या दिवशी तिच्या नाकातून रक्त आलं. जीपने वाशीमला नेलं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "चार दिवस काय करत होता?" संध्याकाळी तिला गावात आणलं ते चादरीत गुंडाळून.

पवनने मला भिंतीवर आपटलं. माझी दांडी वाकली. ग्रुपात हात जोडलेली चित्रं दिवसभर येत राहिली.

परवा उज्ज्वलाच्या मोबाइलवर एका आईचा आवाज आला, "मुलाला तीन दिवस ताप आहे. पपईचा रस किती द्यायचा?"

पवनला भरभर लिहिता येत नाही. तो ओरडूनच बोलला, "काकू, रस नका देऊ! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. माही ताई मेली त्यानं!"

कुणीतरी उत्तर दिलं, इथे भीती पसरवू नका. त्याचा निरोप पुसला गेला. मग त्यालाही ग्रुपातून काढलं.

त्या बाईने ते ऐकलं की नाही, आम्हाला माहीत नाही. त्या ग्रुपात कुणाचा नंबर दिसत नसे, म्हणून पवनकडे तिचा नंबर नाही. तो मोबाइल हातात घेऊन माझ्याशेजारी बसून आहे. तुम्ही त्या ग्रुपात असाल तर तिला गाठा. आज तिच्या मुलाचा पाचवा दिवस आहे.