समोरची भिंत

केसरीनाथांना हॉस्पिटलातून राहनाळच्या घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, निशाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय आता थकलंय, घरीच ठेवा, त्यांच्या मनासारखं करा. मनासारखं म्हणजे एकच निघालं. पुढच्या खोलीत त्यांचा पलंग टाकायचा होता आणि समोरच्या भिंतीचा पोपटी रंग त्यांना नको होता.

"दिवसभर तिकडंच बगायचं हाय मना," ते म्हणाले. "काहीतरी फिकं, मऊ लावा. ऊब वाटंल असं."

निशा आणि तिची आई हौसा, दोघींनी शेडकार्डातून सायीचा रंग निवडला. रामनाथ पेंटरने दोन हात मारले. रंग वाळल्यावर केसरीनाथांना मागच्या खोलीतून धरून आणलं. दारातच ते थबकले.

"रामनाथ, भिंतीचं लगीन हाय काय रं? हलद लावलीस ती!"

"काका, साय हाय ही. सगल्या बंगल्यांत हीच चाललीय."

"मंग बंगलेवाल्यांना कावील झाली असंल."

सगळे हसले. केसरीनाथ मात्र न हसता पलंगावर टेकले. मग निशाला म्हणाले, "बाय, आता याला काय कलतंय, असं समजून कायपण लावू नका."

रामनाथने आणखी फिका हात मारला, तरी त्यांना तो पिवळाच दिसला. तेव्हा कुठे निशाच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. हृदयाला झेपणार नाही म्हणून ऑपरेशन राहिलं होतं. डोळ्यातलं भिंग असं पिकत जातं तसं पिवळट होतं आणि निळा उजेड अडवतं, हे तिने कॉलेजात शिकून परीक्षेत लिहिलंही होतं. पण बाबा गेली दोन वर्षं दूध पिवळं, धुतलेला सदरा पिवळा म्हणून चिडत होते, तेव्हा ते तिला एकदाही आठवलं नव्हतं.

तिने रामनाथला पांढऱ्यात थोडथोडा निळा टाकून भिंतीवर पट्टे ओढायला सांगितलं. केसरीनाथांनी सगळ्यांत गार, निळसर पट्ट्याकडे बोट केलं.

"ह्यो. ह्यो मऊ हाय."

हौसाने निशाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "तो हॉस्पिटलचा रंग हाय. तिथून उचलून आणलं, न् पुन्हा तिथंच निजवायचं?"

"त्यांना तो तसा दिसत नाही, आये. त्यांना सायच दिसते."

"पण मना दिसतो ना! अन् नंतर..." हौसा थांबली. रिकाम्या शेगडीकडे बघत म्हणाली, "नंतर तिथं मीच बसणार हाय."

भिंत मात्र निळसर पांढरीच झाली.

पलंगावर पडून केसरीनाथ कितीतरी वेळ भिंतीकडे बघत राहिले. "आता कसं! हौसे, बरा झाला ना गं?"

"बरा झाला," हौसा म्हणाली आणि उठून आत आली.

निशाने कपाटातून पिवळ्या जिलेटिनचा कागद काढला. घड्या घालून जाड केला. आईला दाराशी उभं करून तो तिच्या डोळ्यांपुढे धरला. "आता बघ."

हौसाने बघितलं. कागद बाजूला केला, पुन्हा धरला. "साय," ती हळूच म्हणाली. "अगदी सायच की गं."

मग तिने मान खाली घालून स्वतःकडे बघितलं. तिचं निळं पातळ कागदातून काळपट दिसत होतं.

"हे यांनी पसंत केलेलं. वजरेश्वरीच्या जत्रेतलं," ती म्हणाली. "मी पण आता अशीच दिसते त्यांना?"

निशाने होकारार्थी मान हलवली.

"अन् कधी बोलले न्हाईत."

बाहेरून हाक आली. "हौसे, कुठं गेलीस? ये, बस हितं."

ती जाऊन त्यांच्या उशाशी बसली. कागद तिच्या मुठीत चुरगळला होता, आणि त्यांच्यादेखत तो डोळ्यांपुढे धरता येत नव्हता. समोर हॉस्पिटलची भिंत होती.

"बग, कशी ऊब हाय," केसरीनाथ म्हणाले.

"हाय," हौसा म्हणाली, आणि त्यांचा गार पडलेला हात तिने आपल्या मांडीवर घेतला.