भिंत छान आहे

“काका, तिथं पाठ खाजली तर काय करता हो?”

हे विचारून दाखवायची पैज तिच्या मैत्रिणींनी, नाझनीन आणि प्राचीनं लावली होती. नववीत गेल्यापासून शर्वाणी कुठल्याच पैजेला मागं हटत नसे. काका म्हणजे विद्यापीठाचे कुलसचिव. सोमवारपासून ते भिंतीत होते. पेन्सिलीनं काढल्यासारखे, चष्म्यासकट.

“खाजतच नाही,” ते म्हणाले. “छान आहे इथं.”

शर्वाणीनं भेळ जिंकली.

भिंत मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीवर होती. पांढरी, कोरी. एका कलाकारानं ती उभारली, शेजारी टेबलावर अभिप्रायाची वही ठेवली, सुतळीनं पेन बांधलं आणि तो निघून गेला. भिंत कुणालाच कळली नाही. पण वही समोर आली की नाही कसं म्हणणार? लग्नात आमटी खारट झाली तरी आपण हात धुताना ‘छान झालं हो’ म्हणतोच. लोक ‘छान’ लिहीत, सही करत आणि भिंतीत जात. माणूस आत गेला की भिंत हातभर लांब होई.

मंगळवारी ती ग्रंथालयापर्यंत पोचली. बुधवारी कॅन्टीनला वळसा घालून पुन्हा हिरवळीकडं वळली. गुरुवारी प्राचीनं ‘रंग छान’ लिहिलं. नाझनीन पेन धरून बराच वेळ उभी होती.

“शाळेत मॅडम विचारतील गं, लिहिलंस का म्हणून,” ती म्हणाली, आणि तिनंही लिहिलं.

शर्वाणीनं ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘मला कळलं नाही.’ पान कोरंच राहिलं. तिनं पेन झटकून पुन्हा लिहिलं. पुन्हा कोरं.

शुक्रवारी सकाळी तिनं आई-बाबांना बजावलं, “काही झालं तरी त्या वहीला हात लावायचा नाही.” बाबा विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरीला होते, आई प्रयोगशाळेत.

“आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत का?” बाबा म्हणाले.

दुपारी घरी कुणीच आलं नाही. शर्वाणी धावत हिरवळीवर गेली. भिंतीचं दुसरं टोक टेबलाभोवती वळून आलं होतं. दोनच हात फट उरली होती. ती फटीतून आत शिरली. वहीत बाबांची सही अजून ओली होती, खाली आईची. तिच्या मागं भिंत दोन हात वाढली आणि जुळली.

“जेवलीस का?” भिंतीतून आईनं विचारलं. तिच्या हातात डबा होता.

“का लिहिलंत?”

“आम्ही दोघंच राहिलो होतो,” बाबा म्हणाले. “बरं दिसलं नसतं ते.”

शर्वाणीनं आईच्या गालाला हात लावला. बोटांना चुना लागला. दर उन्हाळ्यात आईला घामोळं येई. मग ती शर्वाणीकडं पाठ करून बसे आणि म्हणे, फणीनं खाजव गं, जरा वर, अजून वर.

“आई, पाठ खाजवू?”

“आता खाजतच नाही बघ,” आई म्हणाली.

दोघांच्या मधे एक कोरी जागा होती. बरोबर शर्वाणीच्या उंचीची, दोन्ही वेण्या धरून.

तिनं खुर्ची ओढली, सुतळी सैल केली आणि पेन उचललं.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “मीपण छान लिहिते.”