पहिल्या रांगेतली कुरकुर

मित्रांनो, त्या संध्याकाळी आत्याबाई माझ्यावर येऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या पदरात बरेच काही पडणार होते. चेलो वाजवणारी त्यांची भाची माझ्यासमोर उभी राहून म्हणाली होती, "आत्या, आमचा कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकलास, तर तू सुचवलेल्या मुलाला भेटेन. मधेच उठलीस, तर लग्नाचा विषय कायमचा बंद!"

मुलगा परगावचा. जमले, तर भाचीचा वाद्यवृंद सुटणार, हे दोघींनाही ठाऊक होते. तरी भाची निर्धास्त होती, कारण आत्याबाईंना एका जागी बसलेले कुणी पाहिलेच नव्हते. शेजारच्या खुर्चीतले दंतवैद्य याला साक्षीदार. त्यांच्याकडून त्या अर्ध्या भुलीतच उठून गेल्या होत्या.

मी या सभागृहातली पहिल्या रांगेतली, अगदी कडेची, जुनी सागवानी खुर्ची. सुताराने मला एकही खिळा न मारता नुसत्या खाचांवर आणि सरसावर उभे केले. तरुणपणी माझ्यावर बसण्यासाठी भांडणे होत. "काय ऐसपैस आहे!" असे ऐकून मी फुगून जाई. पुढे सरस वाळला, मागचा पाय हलू लागला. रखवालदार दर वेळी "उद्या बघू" म्हणतो आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतो. माझे औषधपाणी एवढेच!

कार्यक्रम सुरू झाला. मंचावर फक्त तारांची वाद्ये. तेच चार स्वर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. आत्याबाईंनी पर्स उघडली, मी कुरकुरले. त्यांनी पाय बदलला, मी किंचाळले. वाद्ये इतकी हळू वाजत होती, की सगळे सभागृह वळून पाहू लागले. बिचाऱ्या गोठल्या. थोड्या वेळाने दंतवैद्यांच्या कानाशी लागल्या, "अजून वाद्यं जुळवणंच चाललंय का हो?"

"अहो, अर्धा कार्यक्रम झाला!"

"अगं बाई! मग पुढे कधी सरकणार?"

"सरकतोय. कान द्या."

हलायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी कान दिला. आणि मित्रांनो, त्याच वेळी मलाही काहीतरी होऊ लागले! चेलोची टोकदार सळई मंचाच्या फळीत रोवलेली असते. फळीतून जमिनीत, जमिनीतून माझ्या पायांत तो स्वर चढत होता. आम्हां दोघींच्या पाठीचा कणा एकदमच झिणझिणला!

"बदललं!" आत्याबाईंनी दंतवैद्यांचे मनगट पकडले.

"कुठे?"

"आत्ता! व्हायोलिन एक पायरी खाली उतरलं. झोपलात की काय?"

दुकानदार मापात मारील म्हणून उभी हयात कापडाच्या दुकानात मापावर डोळे रोखणारी बाई ती! आता एकही बदल त्यांच्या हातून निसटेना. दंतवैद्यही इरेला पेटले. "हा घ्या, माझा!" "छे, तो मी आधीच धरला!" तेच चार स्वर, पण दर फेरीला थोडे वेगळे, थोडे उजळ. सगळे गज एकदम वर, एकदम खाली. माझा हलता पायसुद्धा ताल धरू लागला. मग सगळी वाद्ये एकाच स्वरावर येऊन थांबली, आणि इतकी शांतता पसरली की माझा वाळलेला सरस तडकताना मला ऐकू आला.

"परत वाजवा!" आत्याबाई उसळून उठल्या. कडाड! माझा पाय निखळला. त्यावर झालेल्या टाळ्या संगीतासाठी होत्या, असे मी धरून चालते.

भाची उतरल्या चेहऱ्याने आली. "जिंकलीस, आत्या. कधी भेटू त्याला? रविवारी?"

"रविवारी पुन्हा हेच वाजवणार ना तुम्ही?"

"हो."

"मग त्यालाच इथे बोलावते. माझ्या शेजारी बसवते. बदल कुठे होतो ते त्याला कळलं, तरच पुढचं बोलू. नाही कळलं, तर गेला उडत! काही झालं तरी तुझं वाजवणं सुटायचं नाही."

भाचीने त्यांना मिठीच मारली. आत्याबाईंनी रखवालदाराला तिथल्या तिथे झापले आणि सुतार बोलवायला लावला.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी खुर्ची कुरकुरत असेल, तर पुठ्ठा सरकवू नका, वेळीच एक पाचर ठोका. त्या रात्री आत्याबाई जिंकल्या, भाची सुटली, दंतवैद्यांना रविवारसाठी भिडू मिळाला. किंमत तेवढी माझ्या पायाने मोजली.