दोन दारांपुढची पायवाट

मित्रांनो, मी एक जुनी काँक्रीटची पायवाट आहे. गास गावात एका केळीच्या वाडीच्या कडेला मी पडून आहे. माझ्यावर शेवाळ माजलंय, अंगावर एक लांब तिरकी भेग आहे आणि त्या भेगेवरच एक भिंत उभी आहे. ती भिंत कशी आली ते सांगते. सांगून काही बदलणार नाही, पण मनात ठेवून तरी काय करू?

माझा जन्म १९७४ सालच्या मे महिन्यातला. आदल्या पावसाळ्यात कॅथरिनबाई गावच्या क्रुसापाशी रोझरीच्या प्रार्थनेला जाताना चिखलात घसरल्या आणि त्यांचा खुबा कायमचा दुखावला. त्यांना दोन मुलगे. थोरला ॲन्सेल्म, धाकटा आग्नेल. वडील गेल्यावर दोघांनी वाडी वाटून घेतली होती. दारं शेजारी शेजारी, पण चुली वेगळ्या. मधली विहीर तेवढी सामाईक होती. कॅथरिनबाई ॲन्सेल्मकडे राहत, आणि क्रुसाकडे जायचं तर आग्नेलच्या दारावरून जावं लागे. आईचे हाल बघून दोघांनी ठरवलं की दारापासून क्रुसापर्यंत पक्की वाट करायची. बऱ्याच दिवसांनी त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं. कॅथरिनबाईंचा आनंद पोटात मावेना.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. खेटे घालून ते आलं, खाडीची रेती आली, डोंगराकडची खडी आली. काशीराम गवंड्याने कडेला फळ्या ठोकल्या आणि मग थोड्या थोड्या अंतरावर लाकडाच्या पातळ पट्ट्या आडव्या उभ्या केल्या. त्यातली एक नेमकी दोन दारांच्या मध्ये आली.

ओट्यावर बसलेल्या कॅथरिनबाई तिथूनच ओरडल्या, "काशीराम, त्या आडव्या पट्ट्या कशाला रे?"

"सांधे ठेवतो, बाय. तुकड्या तुकड्यानं ओतायचं."

"माज्या पोरांच्या दारामदी रेघ मारतोस? उद्या हेच दोगं म्हनतील, ही हद्द! काढ ती. सगल्याच काढ!"

"पन बाय, रीतच हाय तशी. उस्तादानं शिकवलंय."

"कशापायी?"

"ते काय मला ठावं नाय," काशीराम डोकं खाजवत म्हणाला.

आग्नेल हसला. "आईच्या मनासारखं कर रे. होऊ दे एकच लादी." ॲन्सेल्मनेही मान हलवली. पट्ट्या निघाल्या.

कारण मला ठाऊक होतं, मित्रांनो. पण ओल्या काँक्रीटला तोंड कुठे असतं? आम्ही दगडासारखे दिसतो, पण दगडासारखे स्वस्थ बसत नाही. वाळताना अंगातलं पाणी उडतं आणि आम्ही आकसतो. उन्हात फुगतो, थंडीत पुन्हा आकसतो. खालची जमीन मात्र आम्हाला धरून ठेवते, हलू देत नाही. दाब आम्ही वाटेल तेवढा सोसू, पण कोणी दोन बाजूंनी ओढलं की आमचं काही चालत नाही. कुठेतरी तडकावंच लागतं. सांधा असला तर तड त्या सरळ रेघेत खालच्या खाली जाते आणि दोन्हीकडचे तुकडे धड राहतात. सांधा नसला की ती आपली जागा आपण शोधते.

ते पहिले दिवस मात्र माझ्या कौतुकाचे होते. ओली गोणपाटं पांघरून मी विहिरीचं पाणी प्यायले. रोझरीला आलेल्या बायका वाकून हात फिरवत आणि म्हणत, "कॅथरिन, काय गुलगुलीत झाली गो वाट!" कॅथरिनबाई काठी टेकत रोज माझ्यावरून जायच्या. आग्नेलच्या दाराशी थांबून त्याला हाक मारायच्या. त्या हाकेसाठीच मी बांधली गेले, असं मला वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यात तड गेली. विहिरीच्या कट्ट्याला वळसा घालताना माझ्या अंगात एक कोपरा आला होता. तिथून केसाएवढी रेघ निघाली ती तिरकी धावत आग्नेलच्या पायरीला जाऊन टेकली. पावसाचं पाणी आत शिरलं, खालची माती वाहिली आणि रेघेची भेग झाली.

ॲन्सेल्म चेष्टेने म्हणाला, "बग आग्नेल, देवानंच हद्द आखली. इहीर माज्याकडं आली!"

आग्नेलला चेष्टा झोंबली. "दादा, मग माजी अर्दी पायरी पन तुजीच काय?"

दोघांनी तेव्हा हसून सोडलं असतं तर किती बरं झालं असतं! पण शब्दाला शब्द लागला. भेग आग्नेलच्या पंपाच्या पाण्याने पडली, असं एक म्हणे. ॲन्सेल्मच्या केळीच्या गाडीने पडली, असं दुसरा. माझ्या अंगात काय चाललंय ते कोणी विचारलं नाही.

कॅथरिनबाईंनी मात्र हाय खाल्ली. वाटीत सिमेंट कालवून, दुखरा खुबा सांभाळत त्या जमिनीवर बसायच्या आणि चमच्याने भेग बुजवायच्या. "मिट गो बाय, मिट," असं माझ्याशी पुटपुटायच्या. मला फार वाईट वाटे. थंडीत भेग रुंदावलेली असताना त्या ती भरत. उन्हाळ्यात मी फुगे, हलायला जागा नसे, आणि भरलेलं सिमेंट माझेच काठ फोडून वर येई. त्यांच्या मायेने मी आणखी तुटत होते, आणि हे त्यांना कोण सांगणार?

१९८३ साली ॲन्सेल्मने भिंत घातली. विहीर आपल्याकडे राहावी म्हणून भेगेवरूनच घातली. कॅथरिनबाई भिंतीच्या या बाजूला, ॲन्सेल्मकडे राहिल्या. धाकटा मुलगा आणि क्रूस त्या बाजूला. सडकेचा वळसा त्यांच्या खुब्याला झेपेना. मे महिन्यात वाऱ्यावर रोझरीचा आवाज आला की त्या ओट्यावरूनच एकट्या उत्तर देत.

तीन पावसाळ्यांनी त्या गेल्या. शवपेटी घराबाहेर आणली तेव्हा आग्नेल भावाजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, आजच्यापुरती भिंत पाडू काय? आईला तिच्या वाटंनं नेऊ."

ॲन्सेल्म भिंतीकडे बघत राहिला. "आता कोनासाठी?" तो म्हणाला.

मित्रांनो, तुम्ही कधी वाट बांधाल तर तिच्यात सांधे ठेवा, आणि कोणी भिऊन ते काढायला सांगितलं तर जवळ बसून कारण सांगा. माझी डागडुजी मात्र करू नका. त्या दिवशी दोन्ही मुलांनी खांदा दिला, पण भिंत तशीच राहिली आणि पेटी सडकेने वळसा घालून गेली. जिच्यासाठी मला ओतलं, तिला शेवटच्या दिवशीसुद्धा माझ्यावरून जाता आलं नाही.