लिंबापाशी थांबणारी गाडी

वैष्णवीनं गिअरची गाडी घेतली ते घरात कुणालाच पटलं नव्हतं. पण कंपनीच्या कामासाठी पारगाव ते रांजणगाव हा रस्ता तिनं वर्षभर कधी एसटीनं, कधी कुणाच्या तरी मागं बसून काढला होता. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत स्कूटीची बारकी चाकं कशी फसतात हे तिनं डोळ्यानं पाहिलं होतं. दौंडला जुन्या गाड्यांच्या एका दुकानात तिला काळी, शंभर सीसीची गाडी आवडली. कागदावर मालकाचं नाव सोपानराव असं होतं. म्हणजे कुणी वयस्कर माणूस असणार, जपून वापरली असणार, असं तिनं मनाशी धरलं आणि गाडी घरी आणली.

दोन रविवार थोरल्या भावानं, विश्वजीतनं, तिला मोकळ्या रानात शिकवलं. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी सात वाजता ती एकटी कंपनीला निघाली. भीमेचा पूल ओलांडला, पलीकडची गावं मागं पडली. न्हावरं दोन किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. रस्त्याच्या कडेला एक मोठा लिंब होता आणि समोर चार-पाच घरांची वस्ती. वैष्णवीनं किका मारल्या, चोक ओढला, पुन्हा किका मारल्या. हेल्मेटच्या आत घाम यायला लागला.

तेवढ्यात वस्तीतून एक बाई आली. साठीच्या आसपासची, डोक्यावरून पदर, हातात फडक्यात बांधलेला डबा. ती झपझप चालत थेट गाडीपाशी आली आणि तिनं डबा पुढं केला.

"डबा ऱ्हायला," ती म्हणाली.

वैष्णवीनं हेल्मेट काढलं. बाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली, पण पुढं केलेला हात काही तिनं मागं घेतला नाही.

"घ्ये. गरम हाय."

वैष्णवीनं डबा घेतला. बाई वळून निघून गेली. त्यानंतर मारलेल्या पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली.

दुपारी कॅन्टीनमध्ये तिनं फडकं सोडलं. बाजरीच्या तीन भाकरी, मेथीची कोरडी भाजी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. अंगमेहनतीच्या गड्याला पुरेल असा तो डबा होता. तिला दोन भाकरीही संपल्या नाहीत.

मंगळवारी गाडी पुन्हा तिथंच बंद पडली. बुधवारीही. वैष्णवीनं धुतलेला डबा परत दिला की बाईच्या हातात दुसरा तयारच असे. ती फार बोलायची नाही. एकदा 'सावकाश जा' म्हणाली, एकदा नुसतीच टाकीवरून हात फिरवून गेली. गुरुवारी वैष्णवीनं लांबूनच वेग वाढवला, लिंबाकडं बघायचंच नाही असं ठरवलं. गाडी त्याच लिंबाच्या सावलीत येऊन थांबली. घरी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशीच गाडी विकायला काढली असती, म्हणून ती कुणाला काही बोलली नाही.

शनिवारी लवकर सुट्टी झाली तशी ती न्हावऱ्यात गेणबाच्या गॅरेजवर गेली. गेणबा पन्नाशीचा माणूस. चाकाच्या तारा ताणत खाली बसला होता. वैष्णवी गल्लीत वळायच्या आधीच त्यानं पाना खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. गाडी पुढ्यात येऊन थांबेपर्यंत तो तसाच उभा होता.

"कुठनं घेतली?" त्यानं विचारलं.

"दौंडातनं. मामा, मी नवीनच शिकलीय. मला बरंच विचारायचंय."

"इचार की. पर आधी चेन बघू."

तिनं चेनचं नावही काढलं नव्हतं. गेणबानं गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचं चाक हातानं हळूहळू फिरवलं आणि एकेक कडी बोटानं चाचपली. पूर्ण फेरा झाल्यावर दुसरा फेरा घेतला. "नवी टाकलीय," तो स्वतःशीच म्हणाला. मग खालच्या बाजूनं चेन वर उचलून दाखवली. "हितं मधोमध बोटानं उचलायची. इंचभर हालली पायजे. ताठ झाली तरी वंगाळ, लोंबाय लागली तरी वंगाळ. दर आठवड्याला बघायची. ब्रशनं धुयाची, आतल्या अंगानं ऑईल सोडायचं. ध्यानात ठिवशील?"

"ठेवीन."

मग तिनं एकेक प्रश्न काढला. सकाळी चोक किती वेळ ओढायचा, हवा किती ठेवायची, ऑईल संपलं हे कसं कळतं, क्लच सोडताना गाडी उडी का मारते. गेणबा सगळं नीट सांगत होता, पण तिच्याकडं न बघता, गाडीकडं बघून. "चोक मिनिटभर, इंजिन गरम झालं का लगीच बंद. ऑईलची काडी पुसून परत घालायची, दोन खुणांच्या मधी ऑईल दिसलं पायजे. आन् तू मागच्या ब्रेकवर पाय ठिवून चालवती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"गल्लीत वळलीस तवा गाडी आडवी झाली, मागचा दिवा जळत व्हता. पुढच्या ब्रेकला भेतीस, म्हून पाय तिथं जातो. दोन्ही ब्रेक संगट दाबायची सवय लाव."

शेवटी तिनं मनातलं विचारलं. "मामा, ही रोज एकाच जागी बंद पडते. वस्तीसमोर, लिंबापाशी."

गेणबाचा हात थांबला. थोड्या वेळानं त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं, उजेडाकडं धरलं, फुंकून पाहिलं. "हितं बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तसा वरनं वारा आत याया पायजे. भोक बुजलं का पेट्रोल येत न्हाई. घटकाभर थांबली का वारा शिरतो आन् परत चालू व्हती. तुझ्या घरापासनं लिंब किती लांब?"

"दहा-अकरा किलोमीटर."

"मग तेवढ्यात कोंडत आसंल." त्यानं बारीक तारेनं भोक मोकळं केलं.

वैष्णवीला एकदम हलकं वाटलं. "म्हणजे भूतबीत काही नाही," ती हसून म्हणाली. गेणबा हसला नाही. फडक्याला हात पुसत आत निघून गेला.

सोमवारी गाडी लिंबापाशी थांबली नाही. एकही आचका न देता पुढं गेली. वैष्णवीची नजर आरशात गेली तेव्हा तिला दिसलं, बाई डबा घेऊन रस्त्यावर आली होती. ती चार पावलं पळाली. मग रस्त्याच्या मधोमध थांबली. डबा धरलेला हात तसाच पुढं होता. शिफ्टला उशीर होत होता, वैष्णवीनं गाडी वळवली नाही. वळणावर आरशातून बाई दिसेनाशी झाली, पण तो हात दिवसभर तिच्या डोळ्यांसमोरून हलला नाही. लाईनवर दोन नग तिच्यासमोरून तपासल्याशिवाय पुढं गेले आणि सुपरवायझरनं तिला हाक मारून भानावर आणलं.

संध्याकाळी ती पुन्हा गॅरेजवर गेली. "मामा, ही गाडी कुणाची होती?"

गेणबानं तिला बसायला स्टूल दिलं, पण स्वतः बसला नाही. "साखरबाईच्या पोराची. संघर्ष नाव. कागद त्याच्या चुलत्याच्या नावावर व्हते, सोपानरावाच्या. पोरगं रांजणगावातच कामाला व्हतं. सकाळी घाईत निघायचं, डबा इसरायचं. म्हातारी लिंबापातूर पळत यायची."

"मग?"

"दीड वरीस झालं. चेन पार खल्लास झालती. चेन फिरती त्या गरारीचं दातं आकड्यावानी झालतं. मी म्हणलं, सगळा सेट बदल. त्यो म्हणला, मामा, आज येळ न्हाई, रविवारी येतो, तवर एक कडी कमी करून दे. मी दिली करून." गेणबा रस्त्याकडं बघत होता. "कालव्याच्या पुलावर तुटली. मागच्या चाकात गुतली, चाक जाम झालं. पोरगं गाडीसकट कठड्यावर गेलं. गाडीचं काय, ती दुरुस्त होऊन इकली गेली."

त्यानं खाली पडलेला पाना उचलून जागेवर ठेवला. मग तो म्हणाला, "गाडी आवाजावरनंच वळखली मी परवा. तुला सांगाया पायजे व्हतं, पर नुसती चेनच तपासत बसलो."

त्या दिवशी वैष्णवी गाडी घेऊन घरी आली ती जेमतेम वीसच्या वेगानं. मंगळवारी आणि बुधवारी गाडी पत्र्याच्या शेडमध्येच राहिली. पंक्चर आहे, असं तिनं घरी सांगितलं आणि एसटीनं गेली. घरातून शेडकडं जाताना गाडीच्या बाजूला कुणीतरी बसलंय असं तिला वाटायचं, आणि जवळ गेलं की फक्त गाडी असायची. आरसे तिच्याकडं वळलेले.

गुरुवारी एसटीच्या खिडकीतून तिला लिंब दिसला. साखरबाई खाली उभी होती. एसटीकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. पारगावच्या बाजूनं येणाऱ्या रस्त्यावर तिची नजर होती आणि फडक्यात बांधलेला डबा छातीशी होता. एसटी निघून गेली, पुढं न्हावऱ्याचा थांबा आला, तरी वैष्णवी मान वळवून मागंच बघत होती.

शुक्रवारी तिनं गाडी काढली. लिंबापाशी आल्यावर स्वतःच ब्रेक दाबले, चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि हेल्मेट काढून खाली उतरली. साखरबाई आली.

"आई, मी वैष्णवी. पारगावची," ती म्हणाली. "गाडी मी दौंडातनं विकत घेतलीय. मला आधी काही माहीत नव्हतं."

"त्यो न्हाईस ते ठावं हाय मला," साखरबाई शांतपणे म्हणाली. "शेवटची आंगूळ मीच घातली त्याला. पर आवाज लांबनं आला का हात आपसूक डबा बांधत्यात. माझं काय चालतंय?"

साखरबाई गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. "चेन कोन बघतं?"

"मीच. गेणबामामांनी शिकवलंय."

"दाव."

वैष्णवी शेजारी बसली आणि खालून बोट लावून चेन उचलून दाखवली, किती हलली पाहिजे ते सांगितलं. साखरबाईनंही बोट लावून पाहिलं. बोटाला काळं ऑईल लागलं, ते तिनं पुसलं नाही.

"मला तिथं नेशील का?" तिनं विचारलं. "पुलावर. सोपानभावजींनी न्हेलं न्हाई. जाऊ नगं म्हंत्यात. मी एकदा बी बघितलं न्हाई."

वैष्णवीनं रविवारी येते म्हणून सांगितलं.

मागं माणूस बसवून तिनं कधी गाडी चालवली नव्हती. शनिवारी ती गेणबाकडं गेली. "मामा, मागं कुणी बसलं तर काय बदलायचं?"

"कोन बसनार हाय?"

तिनं नाव सांगितलं. गेणबानं स्वतः मागच्या चाकात जास्तीची हवा भरली, दोनदा मोजली. "ब्रेक जरा आधीच लावायचा, गाडी लांब जाऊन थांबती. वळणावर म्हातारी दुसऱ्या अंगाला कलली तर हँडल जड लागंल. तिला म्हणावं, माझ्या खांद्यावरनं पुढं बघ." चेन त्यानं पुन्हा एकदा, पूर्ण फेरा फिरवून तपासली.

"तुम्ही येता का?" वैष्णवीनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "तू जा."

रविवारी दहाच्या सुमाराला साखरबाई लिंबाखाली तयार होती. पदर कमरेला खोचला, एका अंगाला बसली आणि दोन्ही हातांनी वैष्णवीची कंबर धरली. पूल तीन किलोमीटरवर होता. कालव्याला पाणी सुटलेलं होतं, दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. कठड्याचा एक तुकडा नव्या सिमेंटचा होता, बाकीच्यापेक्षा पांढरा. साखरबाई तिथं गेली आणि त्यावर तळहात ठेवून उभी राहिली.

"कुण्या तोंडानं चालला व्हता?"

"कंपनीकडं असणार. सकाळची वेळ ना."

"म्हंजी ऊन पाठीवर." तिनं मान हलवली, जणू एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. ती रडली नाही. कठड्याला टेकून खाली बसली, फडकं सोडलं, भाकरी मोडून अर्धी वैष्णवीला दिली. एक तुकडा तिनं पांढऱ्या सिमेंटवर ठेवला. दोघी खात बसल्या. पुलावरून दोन मोटारसायकली आणि एक दुधाचा टेम्पो गेला. खाऊन झाल्यावर साखरबाई म्हणाली, "चल."

परतीच्या वाटेवर वैष्णवीनं तिसरा गिअर टाकला आणि गाडी तीसवर आली. कमरेभोवतीचे हात एकदम आवळले गेले.

"संघर्षा, हळू," मागून आवाज आला.

वैष्णवीनं हेल्मेटमधून समोर पाहिलं, रस्ता मोकळा होता. आरशात म्हातारीचा पदर फडफडत होता, चेहरा दिसत नव्हता. तिनं दोन्ही ब्रेक अलगद दाबले, गाडी वीसवर आणली.

"व्हय आई," ती म्हणाली.

तो आवाज तिचाच होता, पण घरी ती आईला कधी व्हय म्हणत नसे. लिंबापाशी साखरबाई उतरली, तिनं वैष्णवीचं तोंड दोन्ही हातांत धरून नीट न्याहाळलं, आणि वस्तीकडं चालत गेली. तिचं पाऊल जड होतं, पण ती मागं वळली नाही.

वैष्णवी गाडीवर बसून राहिली. किक मारायला पाय उचलायचा आणि तसाच खाली यायचा. वस्तीतल्या पहिल्या घराचं दार उघडून बंद झालं, चुलीचा धूर वर चढायला लागला. मग तिनं हेल्मेटचा पट्टा आवळला, किक मारली आणि पारगावच्या दिशेनं निघाली.